उणे कुणाच्या नावावर

हातानं खेळायच्या आमच्या फुटबॉलमध्ये मिलर्स फोर्क शुक्रवारी हरलं की शनिवारी सकाळी सगळं गाव कोच होतं. पेट्रोल भरताना, पोस्टाच्या खिडकीशी, मक्याचे ट्रक घेऊन कोठाराबाहेर रांगेत ताटकळताना, जो तो दुसऱ्याला सांगत असतो, मी असतो तर काय केलं असतं. हेच लोक गाडीचं चाक बदलायला मेहुण्याला बोलावतात, ते सोडा. जिंकलो की म्हणायचं आपण जिंकलो, हरलो की म्हणायचं क्वार्टरबॅकनं, म्हणजे बॉल फेकणाऱ्या पोरानं, घालवली. सगळ्यांच्या वाटचं खापर एकाच्या डोक्यावर, आणि ते डोकं सतरा वर्षांच्या पोराचं आहे हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

या वेळी ते डोकं होतं टोबिन मारेकचं.

झालं होतं असं. शेवटचं मिनिट, आपण तीन गुणांनी मागं, बॉल आपल्याकडं, आणि तीस यार्ड ओलांडून रेघेपलीकडं गेलं की सामना आपला. टोबिननं मागं सरून बॉल फेकला तो थेट समोरच्या संघातल्या एका पोराच्या छातीवर. आसपास आपला माणूस म्हणून नाही! त्या पोराला आधी खरंच वाटेना. मग त्यानं बॉल पोटाशी धरला, गवतावर बसकण मारली आणि खेळ खलास. "अरे, डोळे आहेत का बटणं?" असं व्हर्जिल पोकोर्नी बाकावरून ओरडला, तो आवाज रेडिओवरून घरोघरी गेला.

सामना संपल्यावर रेडिओवाल्यानं टोबिनपुढं माईक धरला. टोबिन म्हणाला, "चूक माझी. बॉल माझा होता." बस्, एवढंच. दुसरं काही तो बोलणारच नव्हता. आमच्याकडं क्वार्टरबॅकला लहानपणापासून हेच शिकवतात, की चांगलं झालं तर बाकीच्या पोरांची नावं घ्यायची आणि वाईट झालं तर आपलं.

शनिवारी सकाळी लायल कुचेरा शाळेतल्या कोच लोकांच्या खोलीत येऊन बसला तो चांगलाच चिडून. लायल शाळेत जीवशास्त्र शिकवायचा आणि संध्याकाळी फेकणाऱ्या-झेलणाऱ्या पोरांना तयार करायचा. टोबिनला सातवीपासून त्यानंच घडवलं होतं, त्यामुळं राग दुप्पट. शेजारी मुख्य कोच मर्ल हॅन्सेन. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. समोर पडद्यावर कालचा सामना.

हे शनिवारचं काम म्हणजे धान्य निवडण्यासारखं. एकेक डाव थांबवून बघायचा आणि प्रत्येक पोराच्या नावापुढं अधिक नाहीतर उणे मांडायचं. मर्लचा नियम एकच: बॉल कुठं गेला ते बघायचं नाही, पोराला सांगितलेलं काम त्यानं केलं का तेवढं बघायचं. बोलायला सोपं. पण हरल्याच्या दुसऱ्या दिवशी बॉलवरनं नजर काढून दाखवा बरं!

शेवटचा डाव आला. मर्लनं तो एकदाच लावला.

"टोबिनला उणे," तो म्हणाला. "आणि ठळक काढ."

लायलनं काढलं. पेन्सिलीचं टोक मोडेल इतकं ठळक.

"शुक्रवारी त्याच्या जागी बोडीला उतरवतो," मर्ल म्हणाला. "आपल्या मैदानावरचा शेवटचा सामना आहे. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर हेल्मेटं जमा करा. शेवटच्या मिनिटाला ज्याचं डोकं फिरतं, त्याच्या भरवशावर सगळा हंगाम टाकू मी?"

"टोबिनचं शेवटचं वर्ष आहे, मर्ल. बोडी दहावीतला. त्याला अजून डावांची नावं धड पाठ नाहीत."

"पण तो निदान आपल्याच पोरांकडं फेकतो."

तेवढ्यात मर्लचा फोन वाजला. व्हर्जिल पोकोर्नी. हा व्हर्जिल म्हणजे बोडीचा आजोबा, त्यामुळं त्याचे फोन सकाळपासून चालूच होते. मर्ल काहीतरी पुटपुटत बाहेर गेला.

लायलनं उगाच, हाताला चाळा म्हणून, तोच डाव दुसऱ्या कॅमेऱ्यातून लावला. हा कॅमेरा गोलाच्या खांबांमागं उंच बसवलेला असतो. गाव खेळ बाजूनं बघतं, हा समोरून. आणि या वेळी लायलनं बॉल बघितला नाही. समोरच्या संघाचा सगळ्यात मागं उभा असलेला राखणदार बघितला.

त्या डावाचं नाव ‘बघून ठरव’. लायलनंच तो उन्हाळ्यात पोरांकडून बसवून घेतला होता. झेलणारा सरळ पळत सुटतो आणि मागच्या राखणदारावर नजर ठेवतो. राखणदार पुढं चालून आला तर त्याला ओलांडून पळत राहायचं. तो मागं सरकला तर जागच्या जागी थांबायचं आणि वळायचं. क्वार्टरबॅकही त्याच राखणदाराला बघत असतो, आणि झेलणारा वळायच्या आधीच, तो जिथं थांबणार त्या जागेवर बॉल सोडून देतो. दोघांनी एकच गोष्ट बघायची, एकच ठरवायची, तेही एक शब्द न बोलता. जमलं तर कुणाच्या बापाला अडवता येत नाही. एकाचं चुकलं तर बॉल मोकळ्या रानात.

पडद्यावर राखणदार मागं सरकत होता. अगदी स्वच्छ दिसत होतं. टोबिननंही ते बघितलं होतं. आपला माणूस जिथं थांबून वळायला हवा, बरोबर त्या जागेवर त्याचा बॉल गेला होता. आपला माणूस थांबलाच नव्हता. तो पळत राहिला होता, थेट त्या राखणदाराच्या अंगावर. आणि मागून त्याचा पाठलाग करत आलेल्या पोराला रिकाम्या जागी बॉल आयता मिळाला होता.

आपला माणूस म्हणजे एमेट कुचेरा. लायलचा मुलगा.

लायल खुर्ची पडद्याजवळ ओढून बसला. त्यानं डाव मागं नेला, पुन्हा बघितला, आणखी एकदा बघितला. राखणदार काही केल्या पुढं येईना. मग त्याच्या डोक्यात आलं, की हे आपल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. मर्ल अडवणाऱ्या पोरांचा माणूस. हा डाव त्याला नावापलीकडं ठाऊक नव्हता. गाव तर बॉल बघतं. टोबिन मेला तरी बोलणार नाही. म्हणजे लायल गप्प बसला, की ते उणे टोबिनच्याच नावावर राहणार आणि पोराचा शेवटचा सामना बाकावर बसून जाणार.

मर्ल आत आला. "काय रे, भूत बघितलंस का?"

"नाही. झोप झाली नाही."

"कागद सोमवारी अग्निशमन दलाच्या हॉलवर घेऊन ये. बोडीचं नाव तिथंच जाहीर करतो."

एक वाक्य पुरलं असतं. ते लायलच्या तोंडून निघालं नाही, आणि घरी जाताना सगळा रस्ताभर तो स्वतःवर चरफडत राहिला.

रविवारी चर्चमधून आल्यावर बाप-लेक छपराच्या पन्हळीतला पाला काढायला लागले. एमेट शिडीवर, लायल खाली एका हातानं शिडी आणि दुसऱ्या हातानं बादली धरून. एमेटची आई जोलीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावली. चेहरा नुसता फुललेला.

"ऐकलं का? कॉलेजच्या संघासाठी पोरं हेरतो त्या माणसाचा फोन होता. शुक्रवारी पुन्हा येतोय, खास एमेटला बघायला. तो पहिल्या अर्ध्यातला झेल त्याच्या डोक्यातनं जातच नाही म्हणे!"

झेल होताच तसा. टोबिननं लांबवर फेकलेला बॉल एमेटनं समोरच्या संघातल्या दोघांच्या मधून उडी मारून ओरबाडून घेतला होता आणि त्या दोघांसकट रेघेपलीकडं पडला होता. टचडाउन! तेव्हा गाव बाकांवर उभं राहून नाचलं होतं.

"छानच की," लायल म्हणाला. जोलीन आत गेल्यावर त्यानं वर बघितलं. "एमेट, शेवटच्या डावात मागचा राखणदार काय करत होता रे?"

पाल्याचा पुढचा गोळा जरा उशिरानं बादलीत पडला.

"पुढं येत होता ना. बॉल आखूड पडला, बाबा. टोबिन पण तेच म्हणाला की."

"टोबिन काय म्हणाला ते मी विचारलं नाही."

"मग काय विचारताय?" एमेट पन्हळीकडं बघतच म्हणाला. "हरलो. विषय संपला."

लायलला वाटलं, शिडी धरून गदागदा हलवावी. आणि लगेच वाटलं, पोरगं पडेल. त्यानं बादली खाली ठेवली आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. बापाचं घोडं हे असं अडतं.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत टोबिन जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आला. एरवी तो पोरांच्या घोळक्यात जेवायचा. आज कागदी पिशवीतलं सँडविच घेऊन बेडकांच्या बरण्यांशेजारी बसला.

"तिकडं जरा गरम आहे आज, कोच," तो म्हणाला. म्हणजे पोरांनी सोलून काढलं होतं.

"आणि आई कशी आहे?"

टोबिनची आई डीना पोस्टाच्या खिडकीवर बसते. गावाला तिच्यासमोरून गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

"मिस्टर पोकोर्नी तिकिटं घ्यायला आले होते. म्हणाले, 'पत्र बरोबर पत्त्यावर जाईल ना? नाही, तुमच्या घरात फेकलेलं भलत्याच्याच हातात पडतं.' आईनं खिडकी लावून घेतली आणि 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी अडकवली. सकाळी नऊ वाजता." टोबिन हसायला गेला, पण ते काही जमलं नाही.

लायलनं स्टूल ओढून त्याच्यासमोर घेतलं. "मला एक सांग. राखणदार कुठं चालला होता?"

टोबिन पावाच्या कडा तोडायला लागला. "बॉल माझा होता, कोच."

"अरे बाबा, मी रेडिओवाला नाही! तो मागं सरकत होता. तू बरोबर ओळखलंस, बॉल बरोबर जागी टाकलास. मी बघितलंय."

टोबिननं तोडलेल्या कडा पिशवीत टाकल्या. मग त्यानं भलतंच विचारलं. "पहिल्या टचडाउनला मला काय दिलंत?"

"अधिक. का?"

"उणे द्यायला पाहिजे. डावीकडं आपला हंटर एकटा उभा होता, हात वर करून. मला दिसलाच नाही तो. मी त्या दोघांच्या मधे फेकला, आणि तोही आखूड. एमेट नसता तर सामना मी तिथंच घालवला असता. मग सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या, आणि एमेट नुसता हसला. कुणाला बोलला नाही." त्यानं खांदे उडवले. "त्यानं माझं झाकलं, मी त्याचं झाकलं. फिट्टंफाट."

लायल बघतच राहिला. त्या डावाला शनिवारी त्यानं आणि मर्लनं हसत हसत अधिक दिलं होतं. बॉलकडं बघून. दोन जाणती माणसं, तीस वर्षं हेच करणारी, आणि हे पोरगं बेडकांशेजारी बसून त्यांच्यापेक्षा सरळ निवाडा करत होतं, तोही स्वतःच्या विरुद्ध.

"आणि शुक्रवारी तुला बाकावर बसवलं तर?"

इथं मात्र पोराचा चेहरा पडला. "आपल्या मैदानावरचा शेवटचा सामना आहे, कोच," तो हळूच म्हणाला. "आई प्रत्येक वेळी त्याच जागी बसते. पावसातसुद्धा." मग त्यानं पिशवी चुरगाळली. "पण एमेटच्या कॉलेजचं आहे ना. तुम्ही काही बोलू नका."

म्हणजे पोरांनी आपापसात मिटवलं होतं आणि बापानं फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. जगात याहून सोपं काम नाही. लायल दोन दिवस तेच तर करत होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

सोमवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गावाला सामना दाखवतात. बंब बाहेर काढायचा, खुर्च्या मांडायच्या, भिंतीवर पडदा. शेवटच्या वर्षाची पोरं सगळ्यांना जेवायला वाढतात: खिमा-राजम्याची घमघमणारी चिली आणि तिच्यासोबत दालचिनीचा गोड रोल. हे दोन्ही एकत्र आम्ही असंच खातो, ज्याला पटत नसेल त्यानं दुसऱ्या राज्यात राहावं. आणि हॉलचा एक जुना रिवाज आहे, की तिथं कुठल्याही पोराची चूक नाव घेऊन सांगायची नाही. पोरं वाढत असतात, आया समोर बसलेल्या असतात. टोमणे मारायला मात्र मनाई नाही.

टोबिन चिलीच्या पातेल्याशी पळी घेऊन उभा होता, शेजारी एमेट रोलचा ट्रे घेऊन. व्हर्जिलनं वाडगा पुढं केला.

"नीट वाढ रे टोबिन. माझ्या वाडग्यात. शेजारच्याच्या नको!"

हॉल खदखदला. टोबिनही कसंनुसं हसला आणि त्यानं वाडगा काठोकाठ भरला. एमेट हसला नाही. तो ट्रेमधले रोल उगाच सारखे करत राहिला. पहिल्या रांगेत डीना मारेक हाताची घडी घालून बसली होती आणि तिच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. लायलला त्या रिकाम्या खुर्च्या सहन होईनात.

जेवणं उरकल्यावर मर्ल उभा राहिला. "शुक्रवारी कोण खेळणार ते सांगून टाकतो. लायल, कागद आण."

"आधी दोन डाव दाखवतो," लायल म्हणाला.

त्यानं शेवटचा डाव लावला आणि थांबवला. हॉलभर कण्हल्यासारखा आवाज झाला. "पुन्हा कशाला!" कुणीतरी म्हणालं. लायलनं टेबलावरची एक कागदी प्लेट उचलली, पडद्याशी गेला आणि टोबिनचा हात आणि बॉल दिसत होता त्यावर ती धरली.

"बॉल आज बघायचा नाही," तो म्हणाला. "तो तुम्ही तीन दिवस बघताय. हा मागचा राखणदार बघा. मर्ल, हळू चालव. कुठं चाललाय हा?"

"मागं," डीना म्हणाली. तिनं जरासुद्धा वेळ लावला नाही.

"मागं," आणखी दोघं-तिघं म्हणाले.

"हा डाव मी बसवलाय. राखणदार मागं गेला, की झेलणाऱ्यानं थांबायचं आणि वळायचं. बॉल त्या जागी येणार. आता सांगा, झेलणारा थांबला का?"

पडद्यावरच्या पाठीवरचा आकडा सगळ्यांना पाठ होता.

"लायल," मर्ल खालच्या आवाजात म्हणाला, "रिवाज आहे आपला."

"रिवाज दुसऱ्याच्या पोरासाठी आहे, मर्ल. हे माझं आहे." त्यानं प्लेट काढली. "टोबिननं सांगितलेलं काम केलं. बॉल जिथं टाकायचा तिथंच टाकला. टोबिन मारेकला अधिक. उणे आहे ते एमेट कुचेराला."

जोलीननं झटकन मान वर केली. लायलनं तिच्याकडं बघायचं टाळलं. बघितलं असतं तर पुढं बोलता आलं नसतं.

"आता दुसरा."

टचडाउनचा डाव सुरू झाला आणि सवयीनं चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. "थांबा," लायल म्हणाला. "हा डावीकडं हात वर करून कोण उभाय? हंटर. एकटा. बॉल त्याच्याकडं जायला हवा होता. गेला कुठं, तर या दोघांच्या मधे, आणि आखूड. एमेटनं तो वाचवला. इथं अधिक एमेटला, उणे टोबिनला."

"ए, थांब, थांब," व्हर्जिल उठून उभा राहिला. "टचडाउनचा बॉल फेकला तिथं उणे आणि बॉल घालवला तिथं अधिक? शाळेत पोरांचे पेपर पण असेच तपासतोस का?"

हॉल हसला, आणि जरा मोकळा झाला. लायललाही हसू आलं.

"शनिवारी मी उलटंच तपासलं होतं, व्हर्जिल. तुमच्यासारखंच बॉलच्या मागं धावलो. मग डोळे उघडले आणि तरी तोंड उघडलं नाही, कारण पोरगा माझा होता."

व्हर्जिल खाली बसला. डोकं खाजवून म्हणाला, "म्हणजे आपण टाळ्यासुद्धा चुकीच्या ठिकाणी वाजवल्या?"

"आणि शिव्या चुकीच्या पत्त्यावर पाठवल्यात, व्हर्जिल," डीना म्हणाली.

आता मात्र हॉल असा हसला की व्हर्जिलची टोपी त्याच्या स्वतःच्याच हातातून पडली. तो लाल झाला, पण तोही हसला. माणूस वाईट नाही तो. नातवाचं नाव निघालं की त्याला पुढचं दिसत नाही, एवढंच. आणि ते कुणाला दिसतं?

हसू ओसरलं तेव्हा एमेट ट्रे खाली ठेवून पुढं आला होता.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. आवाज फुटत होता, पण तो थांबला नाही. "राखणदार मागं चाललाय हे मला दिसलं होतं. पण कॉलेजचा माणूस बसला होता, आणि मला वाटलं, आपणच एकदम जिंकून द्यावं. बाबांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो." तो टोबिनकडं वळला. "मी बोलायला पाहिजे होतं रे. तू शिव्या खात होतास आणि मी रोल वाटत होतो."

"मग वाट की," टोबिन म्हणाला. "लोक थांबलेत."

डीनानं हाताची घडी सोडली आणि रुमाल शोधायला लागली.

मर्लनं लायलच्या हातून कागद घेतला, त्याच्याकडं नीट बघितलंही नाही आणि खिशात घातला. "शुक्रवारी टोबिन," तो म्हणाला. "आणि एमेटही. पण एमेट, उद्यापासून हा डाव तुझ्याकडनं इतका घोटून घेतो, की तू झोपेतसुद्धा थांबशील. चला, खुर्च्या आवरा."

घरी जायला तिघं ट्रकमध्ये बसले. मग जोलीन म्हणाली, "सगळ्या गावासमोर, लायल?"

"टोबिनला सगळ्या गावासमोरच बोलले होते."

"आणि तो कॉलेजवाला? त्याच्या कानावर जाणार हे. गेलं ते कॉलेज तर?"

"तर गेलं," लायल म्हणाला. पोराचं नुकसान करून त्याला आनंद झाला होता असं थोडंच आहे!

"आई, राहू दे," एमेट मागून म्हणाला. "शुक्रवारपासून घास उतरत नव्हता. आत्ता भूक लागलीय. रोल उरलेत का कुणाकडं?"

जोलीननं मागं वळून त्याच्याकडं बघितलं, मग पर्समधून रुमालात गुंडाळलेला रोल काढून त्याच्या हातात दिला. तिनं तो तिथंच, हॉलमध्ये असतानाच, त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवला होता.

शुक्रवारी थंडी बोचरी होती. मक्याची कापणी अर्धवट टाकून लोक आले होते. डीना तिच्या नेहमीच्या जागी, अंगावर घोंगडी. या वेळी तिच्या दोन्ही बाजूंना माणसं बसली होती, आणि त्यातला एक, कुणी सांगितलं नसताना, व्हर्जिल होता. त्यानं तिच्यासाठी गरम कॉफीही आणली होती आणि ती तिनं घेतली होती. कॉलेजचा माणूसही आला होता. सोमवारची सगळी हकीगत त्याला पेट्रोलपंपावरच ऐकायला मिळाली होती, आमच्याकडं दुसरं काय होणार.

पहिलाच डाव. मर्लनं मैदानाच्या कडेवरून खूण केली आणि लायलनं ती ओळखली. ‘बघून ठरव’. म्हातारा लबाड खरा.

बॉल टोबिनच्या हातात आला. एमेट पळत सुटला. सगळं गाव बॉल बघत होतं की नाही देव जाणे. लायल मात्र मुलाचे पाय बघत होता. मागचा राखणदार जरा घुटमळला आणि मागं सरकला. एमेटपुढं मोकळं मैदान पसरलेलं होतं, टचडाउनच्या रेघेपर्यंत, आणि बाकावर कॉलेजचा माणूस.

एमेट थांबला. वळला. वळतो तोवर बॉल छातीशी येऊन ठेपलेलाच होता.

आठ यार्ड. फार काही नाही, कुणी वर्तमानपत्रात छापणार नाही. पण बाकांवरून आवाज उठला, आणि त्यात व्हर्जिलचा सगळ्यात मोठा: "बघितलंत का? राखणदार मागं गेला! मी म्हणतच होतो, राखणदार बघा!"

मैदानात एमेटनं बोट टोबिनकडं दाखवलं आणि टोबिननं एमेटकडं. लायलनं पेन्सिल काढली. खरं तर हे काम शनिवारचं, पण त्याच्यानं थांबवेना. त्यानं दोघांच्याही नावापुढं अधिक मांडलं आणि डोळे पुसून पुढचा डाव बघायला लागला.